उंदराचा वाटा

नदीच्या वळणावरच्या एका गावात एक पखवाजी राहत असत. त्यांचे नाव त्र्यंबकबुवा. पंचक्रोशीत त्यांच्या हाताचे नाव होते. कुठे कीर्तन ठरले की लोक आधी विचारीत, "पखवाजाला बुवा आहेत ना?" आहेत म्हटले की निम्मी काळजी मिटे.

पण माणूस म्हातारा होतो, आणि कधी कधी हात त्याच्याआधी म्हातारा होतो. बुवांचा डावा हात थरथरू लागला. फार नाही, वाटी उचलताना थोडी आमटी सांडावी, इतकाच. मग एका कीर्तनात त्यांची सम चुकली. ठेक्याची मुख्य थाप जिथे पडायची तिथे ती पडली नाही, किंचित मागून पडली. पुढे बसलेल्या एका तरुणाने शेजाऱ्याला कोपर मारले आणि दोघे हसले. ते दुसऱ्याच कशाला हसले असतील, कोण जाणे. पण बुवांनी ते हसू घरी नेले, उशाशी ठेवले, आणि रोज काढून पाहू लागले.

त्यानंतर त्यांनी आमंत्रणे घेणे सोडले. कधी पाठ धरली आहे म्हणाले, कधी घरी पाहुणे यायचे आहेत म्हणाले.

अशात त्यांच्या मित्राचा निरोप आला. जनार्दनपंत कीर्तनकार म्हणजे बुवांचे बालमित्र. दोघे एकाच ओसरीवर शिकलेले. पंतांनी सांगून पाठवले होते, "उत्सवातले यंदाचे काल्याचे कीर्तन माझे शेवटचे. दात गेले, आवाजही जायच्या वाटेवर आहे. पखवाजाला तू नसलास तर मी उभा राहणार नाही."

या आमंत्रणाला नाही म्हणायला बुवांना कारण सापडेना. ते पखवाज घेऊन बैलगाडीत बसले.

वाट लांबची होती. मधल्या एका खेड्यात धर्मशाळेत मुक्काम पडला. धर्मशाळा सांभाळणारी भागामावशी नावाची एक विधवा बाई होती. तिने अंगण झाडले, पाणी भरून ठेवले, भाकरी दिली. जेवण वाढताना हसत हसत म्हणाली, "बुवा, हा कोपरा दिसतो ना चुलीमागचा? तेवढंच माझं घर. दुसरं छप्पर नाही." जाताना दारातून वळून पुन्हा म्हणाली, "आणि खायचं काही उघडं ठेवू नका हं. उंदीर फार माजलेत. परवा दिव्यातली वात खाल्ली मेल्यांनी, तेलासकट."

ती गेल्यावर बुवांनी पखवाज पुढे घेतला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला धुमा म्हणतात. वाजवण्याआधी त्यावर भिजवलेली कणीक थापतात, म्हणजे आवाज खोल होतो. वाजवून झाले की ती खरवडून काढायची, कातडे पुसायचे आणि वर कापडाची गवसणी चढवायची. पखवाज शिकणाऱ्याला बोल शिकवायच्या आधी हे शिकवतात.

बुवांनी कणीक लावली, ठेका धरला. सम पुन्हा चुकली. पुन्हा धरला. पुन्हा चुकली.

त्यांनी हात आवरले. कोपऱ्यात खुडबुड झाली, ती त्यांनी ऐकली. गवसणी हातात घेतली आणि घडी करून बाजूला ठेवली. "सकाळी काढू कणीक," असे ते स्वतःलाच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी धुम्याला मूठ जाईल एवढे भोक पडले होते.

बुवांनी कपाळाला हात लावला. पण त्या हाताखाली कपाळ अगदी निवांत होते. आता कोण काय म्हणणार? पखवाजच फाटला. देवाचीच इच्छा! त्यांनी उरलेली कणीक खरवडून परसात टाकली, कातडे ओल्या फडक्याने पुसले, आणि मग गाडीवानाला हाक मारली. पंतांना निरोप धाडायचा होता, की येणे जमत नाही.

गाडीवानाआधी गाव आले. पाहुण्याचे वाद्य आपल्या गावात कुरतडले गेले, ही त्या गावाला मोठी लाज वाटली. पाटील स्वतः आले. त्यांनी पखवाज पाहिला आणि भागामावशीकडे वळले.

"भागे, तुला इथं ठेवली कशाला? उंदीर पाळायला?"

"मी सांगितलं होतं बुवांना! उघडं काही ठेवू नका म्हणून. विचारा की त्यांना."

"आता पाहुण्यावर ढकलतेस?"

भागामावशीने बुवांकडे पाहिले. बुवांनी जमिनीकडे पाहिले. तिथे एक मुंगी चालली होती. ती पार उंबऱ्यापलीकडे जाईपर्यंत बुवा तिच्याकडेच पाहत राहिले.

"बोचकं बांध," पाटील म्हणाले. "दुसरी बाई बघतो मी."

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "पाटील, जरा दम धरा की."

गर्दी बाजूला झाली आणि एक बुटकी म्हातारी पुढे आली. तिचे नाव ठकूबाई. ती आणि तिचा नवरा कोंडिबा गावाच्या वरच्या अंगाला राहत आणि ढोलकी, डफ, पखवाज मढवून देत. ठकूबाईने फाटक्या कातड्यात हात घालून पाहिला. तिची बोटे वाताने वाकडी झाली होती, जुन्या आल्याच्या कुड्यांसारखी.

"पखवाज मी मढवून देते," ती म्हणाली. "पाहुणा येळेवर पोचला तर भागी हितं ऱ्हाईल का?"

पाटलांनी जरा विचार केला. "पोचला तर राहील."

बुवा घाबरले. "अहो बाई, पण काला परवा आहे! एवढ्यात कसे होईल?"

"आज चढवते, उद्या दुपारपत्तुर वाळतंय, उद्याच तुमी गाडीत बसा."

"पण धुम्याला जाड कातडे लागते. ते इथे कुठून…"

"हाय माझ्याकडं."

"पण तोंडे ताणायच्या वाद्याही जुन्या झाल्या आहेत."

"वाद्याबी हायेत. बुवा, तुमाला जायचंय का न्हाई?"

लोक हसले. बुवाही हसले, पण जरा उशिरा.

ठकूबाईच्या दारात लिंबाचे झाड होते. त्याच्या सावलीत पोत्यावर कोंडिबा बसला होता. ठकूबाई आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेले एक कातडे घेऊन आली. ते पाहून कोंडिबाने तंबाखू मळता मळता हात थांबवला.

"ठके, मंजुळेचं काढतीस?"

"दुसरं धुम्याजोगं हाय का घरात?"

मंजुळा म्हणजे ठकूबाईची शेळी. ती ठकूबाईच्या मागोमाग बाजारापर्यंत जायची, आणि ठकूबाई कुणाशी बोलत थांबली की पदर ओढायची. म्हातारी होऊन ती गोठ्यातच गेली. तिचे कातडे ठकूबाईने कमावून ठेवले होते. देवळातल्या ढोलासाठी मागितले तेव्हाही दिले नव्हते.

"मी ढोलकीला मागितलं तर न्हाई दिलंस," कोंडिबा बुवांना ऐकू जाईल असे म्हणाला.

"तुमी ढोलकी बडवता. मंजुळेनं हयातीत कधी मार खाल्ला न्हाई, मेल्यावर कशापायी?"

ठकूबाईने कातडे पाण्यात बुडवले. ते मऊ होईपर्यंत दोघांनी फाटका धुमा उतरवायला घेतला. कोंडिबाने पखवाज दोन्ही पायांत घट्ट धरला. वादी म्हणजे कातड्याची लांब पट्टी. तिनेच पखवाजाची दोन्ही तोंडे ताणून बांधलेली असतात. ठकूबाईने आपले वाकडे बोट वादीखाली घातले आणि ओढले. वादी सुटली. पुन्हा घातले, पुन्हा ओढले. जणू ते बोट त्याच कामासाठी घडवून घेतले होते.

बुवांना राहवले नाही. "बाई, अशा बोटांनी त्रास होत नाही?"

"पैल्यांदा झाला की. वाद्या वढायला लोखंडाचा आकडा असतो. बोटं वाकडी झाली आन् आकडा धरता येईना. टाकला एक दिस ह्यांच्या म्होरं, म्हटलं, संपलं माझं काम. लई रडले."

"मग आकडाच सापडंना," कोंडिबा म्हणाला. "दारात लगीनघरचा ढोल येऊन पडलेला. काय करती? घातलं बोट वादीत. बसलं की! तवापास्नं आकडा इकत आणायचं काम न्हाई आमच्यात."

"आकडा ह्यांनीच लपवला हुता."

"तू इचारलंस का कधी?"

"इचारायचं कशाला? नवरा माझा, चोरबी माझाच."

दोघे हसले. बुवांना हसता आले नाही. कोंडिबाने बायकोला कामावर बसवण्यासाठी आकडा लपवला होता. आणि आपण? आपण काय लपवून इथे बसलो आहोत?

फाटका धुमा हातात आला. कोंडिबाने तो उन्हात धरून पाहिला. "ठके, कणीक वर राहिली असंल ह्येच्या. त्येच्याबिगर उंदीर एवढं भोक पाडत न्हाई."

ठकूबाईने त्याच्या हातातून तो हिसकावला. "गप बसा. एवढे मोठे पखवाजी, कणीक ठेवतील व्हय वर? वास राहतो कणकेचा, त्येलाच येतो मेला उंदीर." मग ती बुवांकडे वळून म्हणाली, "तुमी मनाला लावून घेऊ नका. ह्यांना वाटतं, समदी मानसं ह्यांच्यावानीच आळशी."

कुणी आपल्याला पकडले असते तर बुवांनी काहीतरी उत्तर दिले असते. उत्तरे त्यांच्याजवळ पुष्कळ होती. विश्वासाला काय उत्तर द्यायचे, हे मात्र त्यांना सुचेना.

ठकूबाईने पाण्यातून कातडे काढले. ते निथळले आणि क्षणभर गालाला लावले.

"जा बाई," ती हळूच म्हणाली. "चांगल्या हातात चाललीस."

"थांबा," बुवा म्हणाले.

दोघांनी वर पाहिले.

"कणीक मीच ठेवली होती. विसरलो नव्हतो. भागाबाईंनी सांगितले होते, तेही ऐकले होते. उंदराची खुडबुडही ऐकली. तरी ठेवली. पखवाज फाटला तर जावे लागणार नाही, म्हणून."

कोंडिबाचे म्हणणे खरे ठरले होते. पण "बघ, मी म्हणालो नव्हतो?" असे तो म्हणाला नाही. त्याने नुसती तंबाखू पुन्हा मळायला घेतली.

ठकूबाईने कातडे परत पाण्यात सोडले. "कशापायी केलंत?"

"हात थरथरतो. सम चुकते. लोक हसतात. भीती वाटली."

"आन् त्यो तुमचा मैतर? त्यो वाट बघत आसंल न्हवं?"

बुवांनी मान डोलावली.

"मग आधी भागीकडं जा. मग पाटलाकडं. समद्यांदेखत सांगा. कातडं तवर भिजत राहील."

बुवा उठले. दोन पावले जाऊन थांबले. "तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत?"

"रागावले की! पण ते काम झाल्यावर. आता हात वले हायेत."

भागामावशी धर्मशाळेच्या पायरीशीच भेटली. तिच्या काखेत एक मांजर होती आणि हातावर ओरखडेच ओरखडे. गावभर फिरून तिने ती मिळवली होती, निदान पुढच्या बाईला उंदरांचा त्रास नको म्हणून.

बुवांनी हात जोडले. "भागाबाई, तुम्ही सांगितले होते. चूक माझी. मीच कणीक वर ठेवली."

तिला ते कळायला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, "अहो, मग ह्या मांजरीचं काय करू मी आता? किती दारं हिंडले हिच्यापायी!" आणि पायरीवर बसून, मांजरीला उराशी धरून, ती रडू लागली.

तिला घेऊन बुवा चावडीवर गेले. तिथे सगळ्यांसमोर त्यांनी जे घडले ते तसेच्या तसे सांगितले. मागे कुणीतरी हसले. मग आणखी दोघे हसले. हे हसू अगदी नक्की त्यांच्यावरच होते. त्यांना नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. हसू ऐकूनही ते उभेच होते. पाय जागेवर होते, श्वास चालू होता.

पाटलांनी मिशीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "भागे, राहा बाई तू."

"राहीन," भागामावशी डोळे पुसत म्हणाली. "पण बोचकं बांध म्हणालात, ते आधी मागं घ्या."

"घेतलं," पाटील म्हणाले. या वेळी सगळेच हसले.

बुवा लिंबाखाली परत आले. "ठकूबाई, आता ते मंजुळेचे कातडे राहू द्या. मी त्याला पात्र नाही. मी तसाच जाईन, पंतांचे पाय धरीन."

"भिजलेलं कातडं वाट बघत न्हाई, बुवा. चढवलं न्हाई तर सडंल. पात्र का अपात्र, ते मागनं बघू. जरा हिकडं धरा."

बुवा पोत्यावर बसले. कोंडिबाने पखवाज पायांत धरला, ठकूबाईने वाकड्या बोटाने वादी ओढली, आणि बुवांनी ओढलेली वादी सुटू नये म्हणून ती दाबून धरली. त्यांचा डावा हात थरथरत होता. ठकूबाईने तो पाहिला. "थरथरू द्या, पर सोडू नका," एवढेच म्हणाली. आयुष्यभर पखवाज वाजवून बुवांनी तो कधी बांधला नव्हता. दिवस मावळता मावळता कातडे बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वाळून ताठ झाले. बुवा पखवाज उचलू लागले तशी ठकूबाई दारात आडवी आली.

"असं न्हाई न्यायचं. ज्या जनावराचं कातडं, त्येला पैला हात. आमच्या दारातला रिवाज हाय. त्येला ऐकवल्याबिगर वाद्य हालत न्हाई."

तिने दारात पाटावर चिमूटभर गूळ ठेवला. भागामावशी मांजर घेऊन आली होती, शेजारपाजारची माणसे आली होती. बुवांनी कणीक थापली, ठेका धरला. सम चुकली.

"चुकलं," कोंडिबा म्हणाला.

"मंजुळाबी चालताना अडखळायची," ठकूबाई म्हणाली. "म्हणून काय बाजारला यायची ऱ्हायली न्हाई. फिरून धरा, बुवा."

बुवांनी फिरून धरला. जरा धीमा धरला, हाताला झेपेल एवढा. या वेळी थाप जागेवर पडली, आणि धुम्याचा आवाज असा भरून आला की ठकूबाईने पदर तोंडाला लावला. मग बुवांनी कणीक खरवडली, कातडे पुसले, गवसणी चढवली आणि गाडीत बसले.

काल्याच्या दिवशी सकाळी मंडप भरला होता. जनार्दनपंतांचा आवाज खरोखरच उतरला होता, पण ते उभे राहिले होते ताठ. मध्येच बुवांची सम एकदा चुकली. त्यासरशी पंतांना पुढची ओळ आठवेना. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ओसरीवर शिकताना दोघे एकदम चुकायचे आणि गुरुजींची छडी दोघांच्या मधोमध आपटायची, ते दोघांनाही आठवले असावे. दोघे खळखळून हसले. मग मंडपही हसला. आणि कीर्तन पुढे असे रंगले, की हंडी फुटली तेव्हा काल्याचा दाणा झेलायला म्हातारी माणसेही उड्या मारत होती.

पंतांनी प्रसादाचा द्रोण पुढे केला. "त्र्यंबक, घे."

"आधी हे," बुवा म्हणाले, आणि मंडपातच बसून कणीक खरवडू लागले.

परतताना त्यांनी गाडी त्याच खेड्यात थांबवली. ठकूबाई लिंबाखाली एका डफावर वाकली होती. बुवांना पाहताच म्हणाली, "या! आमच्या उंदरासाठी काय आणलंत?"

बुवांनी उपरण्याची गाठ सोडली. आत काल्याच्या दिवशीची वाळलेली कणीक होती. "त्याचा वाटा," ते म्हणाले. "पखवाजावर ठेवला नाही. बांधून आणला."

ठकूबाई इतकी हसली की कोंडिबा आतून धावत आला. मग तिने डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "बुवा, काम झालं. आता रागावते हं."

"रागवा," बुवा म्हणाले.

तिने त्यांना पाटावर बसवले, भाकरी वाढली, आणि मग मनसोक्त रागावली. मित्राला फसवायला निघालात म्हणून रागावली, भागीच्या डोळ्यांत पाणी आणलंत म्हणून रागावली, मुकं जनावर उंदीर, त्याच्यावर आळ घातलात म्हणूनही रागावली. बुवा मान खाली घालून जेवत होते. वाटी उचलताना डावा हात थरथरला आणि थोडी आमटी सांडली.

ठकूबाईने रागावता रागावताच ती पुन्हा वाढली.

तात्पर्य: भीतीपोटी शोधलेल्या सबबीची झळ दुसऱ्याच कुणाला तरी लागते, म्हणून हात जसा असेल तसा घेऊन आपल्या कामाला बसावे. मायेची माणसे चूक पोटात घालतात, पण ती आधी आपण त्यांना सांगावी लागते.